बुधवारची चिलापी

वर्षातले दहा-अकरा महिने आमच्या घरातून नदी दिसत नाही. नदी असते तिथेच असते, घरालाही पाय फुटलेले नसतात. पण मध्ये ऊस उभा असतो. गौरी-गणपतीला तो डोक्यावरून जातो आणि दिवाळीनंतर तर असा माजतो, की नदी म्हणजे पलीकडून येणारी नुसती एक गार झुळूक उरते. मग माघ सरता सरता तोडकऱ्यांची टोळी येते. दोन दिवस कोयत्यांची सपसप, ट्रॅक्टरची धडधड, पोरांची कांड्यासाठी पळापळ. शेवटची ट्रॉली हेलकावत गेली, की दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या दारात चहाची कपबशी घेऊन बसते आणि समोर भोगावती. लख्ख. एवढे दिवस कुठं होतीस गं, असं विचारावं, तर तीच मला विचारील.

यंदा ती परवा दिसली. फडात पाचट पसरलेलं, त्यावर बगळे साहेबासारखे हात मागे बांधून फिरत होते. कुठल्याशा गुऱ्हाळाचा वास येत होता. हल्ली गुऱ्हाळं कमी झाली, पण वास अजून येतो. की माझं नाकच त्या वासाचं झालंय, कोण जाणे. मी चहा तसाच ठेवून बघत बसले. नात म्हणाली, "आजी, चहाला साय आली."

नात कॉलेजात आहे. मोबाइलवर एक टोपीवाला माणूस बघत होती. त्यानं हा एवढा मासा पाण्यातून काढला, त्याच्याबरोबर फोटो काढला आणि परत पाण्यात सोडून दिला. मी म्हटलं, "मग धरला कशाला मेल्यानं?" ती हसली. मग सहज म्हणाली, "आजी, तुला येतं का गं मासे धरायला?"

"येतं की," मी म्हणाले.

शब्द तोंडातून गेल्यावर मला माझंच हसू आलं. सदुसष्टाव्या वर्षीही हे 'येतं की' माझ्या जिभेच्या टोकावर तयारच बसलेलं असतं. कुणी काही विचारायचा अवकाश. स्वेटर विणता येतो का? येतो की. विमानात बसलीयस का? बसलेय की. या खोडीनं मी आयुष्यात पुष्कळ आपटले, पण त्या एका वर्षी, त्या एका उसाच्या सुगीत, माझ्या 'येतं की' पायी दुसरीच एक बाई उपाशी राहिली. त्याचं हसू मला येत नाही.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. त्या बयेचा एक फोटो आहे घरात, आमच्या दिरांच्या लग्नातला. सगळ्या बायका ओठ मिटून कॅमेऱ्याकडे बघतायत आणि हिचं तोंड उघडं. फोटो काढताना ही कुणाला तरी काहीतरी शिकवत असणार. मॅट्रिक पास झालेली गावातली पहिली सून, म्हणून हिला वाटायचं की मॅट्रिकच्या परीक्षेत जगातलं सगळं येऊन गेलंय. सासूला भाकरी थापायला शिकवायची. नवऱ्याला बैल जुंपायला शिकवायची. बैलालाही शिकवलं असतं, पण तो ऐकायला थांबत नसे.

आम्ही तिघी रोज दहाच्या सुमाराला धुणं घेऊन नदीवर जायचो. मी, शेजारची हौसाक्का आणि पलीकडच्या आळीतली सुमन. हौसाक्का आमच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, अंगानं दणकट, तोंडानं त्याहून. धुणं बडवायला लागली की समोरच्या काठावर आवाज उठायचा. सुमन लग्न होऊन आलेली नुकतीच, वर्षही झालं नव्हतं. माहेर राधानगरीकडचं, धरणाच्या काठाला. नवरा शिरोलीला फौंड्रीत, सकाळी सायकलवरून जायचा आणि सांजचा काळा होऊन यायचा. घर माळकऱ्यांचं. तिच्या सासूच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद. बाई कडक, पण वाईट नव्हती. सुनेला दिवस गेले कळल्यावर तिनं देवापुढं साखर ठेवली आणि मग शेजारीपाजारी जाऊन कुणाच्या सुनेला काय मानवलं होतं ते विचारून आली.

कारण सुमनच्या पोटात काही ठरत नव्हतं. भाकरी खाल्ली की उलटी, भात खाल्ला की उलटी. डॉक्टरच्या गोळ्या पाण्याबरोबर आत आणि पाण्याबरोबर बाहेर. सासूनं आल्याचा रस दिला, लिंबू दिलं, मोरावळा चाटवला, लाह्या दिल्या. चौथा महिना लागत आला तरी तेच. तोंडाची पार रया गेली होती. धुण्याची बुट्टी डोक्यावर घेऊन चढ चढताना ती दोनदा थांबायची आणि आम्ही नदी बघतोय असं दाखवून तिच्यासाठी थांबायचो.

एक दिवस ती दगडावर बसून नवऱ्याचा सदरा घासता घासता म्हणाली, "वैनी, मला एकच खावंसं वाटतंय. सांगू का?"

"सांग की," हौसाक्का म्हणाली.

"चिलापीचं कालवण. आंबट. चिंच घालून आई करायची तसलं." एवढं बोलून तिनं मागं वळून बघितलं, सासू झाडामागं उभी असल्यासारखं. "आत्ता नुसतं नाव काढलं तर तोंडाला पाणी सुटलं बघा. आन् मळमळलं न्हाई."

हौसाक्कानं बडवणं थांबवलं. पोटुशीचे डोहाळे पुरवले नाहीत तर पोराची लाळ गळते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण माळकऱ्याच्या सुनेला मासा कोण देणार? मासेवाली गिरजामावशी बुट्टी घेऊन गावात यायची, ती आळीच्या तोंडापासून ओरडत. तिच्याकडून कुणी काय घेतलं हे बुट्टी डोक्यावर परत चढायच्या आत गावाला कळायचं. माझ्या घरी मासा शिजायचा, पण माझी सासू आणि सुमनची सासू एकाच जात्यावर दळायला बसणाऱ्या. वासावरून हिशेब लागला असता. माहेरी जावं तर सातव्यापर्यंत एस्टीत बसायला बंदी.

आणि तेव्हा ती बया बोलली. "विकत कशाला? आपण धरू की. नदीत काय कमी हायत?"

"तुला येतं धरायला?" हौसाक्कानं विचारलं.

"येतं की."

आता इथं खरं काय ते सांगून टाकते. माझ्या माहेरीही नदी. भाऊ मासे धरायचा आणि मी त्याच्याबरोबर जायची, हे खरं. पण गळ धरायचा दादा. मी गांडुळांचा डबा धरायची. दादा म्हणायचा, "एक दे," की मी एक द्यायची. सहा-सात वर्षं मी नदीकाठी डबा धरून बसले आणि त्या सगळ्या वेळात माझं लक्ष पाण्याकडं कमी आणि बोलण्याकडं जास्त. मासा मी जन्मात एकही धरला नव्हता. पण सुमननं माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी पंढरपूरच घेऊन आलेय तिच्या दारात. त्या नजरेपुढं डब्याचं कोण सांगणार?

मग वार ठरवायला बसलो. मी सोमवार धरायची, महादेवाचा. मंगळवार आणि शुक्रवार हौसाक्काचे, अंबाबाईचे. गुरुवार दत्ताचा, त्या दिवशी अख्खी आळीच नेमात. शनिवार मारुतीचा. रविवार जोतिबाचा, त्या दिवशी तर नावच नको. बोटं मोडता मोडता एकच वार उरला.

"बुधवार," मी म्हणाले.

सुमन चाचरत म्हणाली, "बुधवार आमच्यात पांडुरंगाचा मानत्यात वैनी."

"अगं, तुमच्यात समदेच वार त्येचे," हौसाक्का म्हणाली. "सातातला एक आपण मागून घिऊ. न्हाई म्हणायचा न्हाई त्यो. त्येनं काय बायकू नांदवली न्हाई व्हय?"

झालं. आमचा बुधवार ठरला.

दादाच्या जुन्या ट्रंकेतून एक गळ मी मागं कधीतरी हौसेनं आणून ठेवला होता. चांगला माझ्या करंगळीएवढा. त्याला मी सुतळी बांधली, कारण सुतळी घरात होती. कणकेचा गोळा मळला, त्यात हळद घातली. का घातली? शुभ दिसतं म्हणून. आणि शिष्यांना पहिला धडा दिला, की आपल्याला धुणंही धुवायचंय, तेव्हा दोरी हातात धरून भागायचं नाही. ती पायाच्या अंगठ्याला बांधायची. मासा लागला की पाय सांगेल.

"तुझा दादा असंच बांधायचा?" हौसाक्का म्हणाली.

"असंच की."

पहिल्या बुधवारी तिघींच्या अंगठ्याला सुतळ्या. गळ एकच, म्हणून हौसाक्काच्या आणि सुमनच्या सुतळीला मी वाकवलेल्या टाचण्या लावल्या होत्या. अर्धा तास झाला असेल. मी चादरीला साबण लावत होते. एवढ्यात माझ्या अंगठ्याला असा हिसका बसला, की डोळ्यांपुढं काजवे चमकले. "लागला," असं म्हणायला तोंड उघडलं, तोवर दुसरा हिसका, आणि मी दगडावरून बसल्या बैठकीत साबणाच्या फेसासकट नदीत. मासा नव्हता. पाटलांची म्हैस डुंबायला उतरली होती आणि सुतळीत तिचा पाय गुंतला होता. ती निवांत चालली होती आणि मागून मी. हौसाक्कानं माझी वेणी धरली म्हणून थांबले. सुमन त्या दिवशी इतकी हसली, इतकी हसली, की शेवटी हसता हसता बाजूला जाऊन ओकली. ओकायला पोटात पाणीच होतं.

तरीही गुरूची अक्कल ठिकाणावर आली नाही. "उथळात चुकलं आपलं. मोठा मासा खोलात असतो," असं मी जाहीर केलं. दुसऱ्या बुधवारी धारेच्या मध्यात, जिथं पाणी हिरवंगार होतं, तिथं गळ फेकला. आणि लागलं की! जड, जिवंत, मागं ओढणारं. तिघींनी मिळून ओढलं. सुमनसुद्धा पदर खोचून आली. मी मोठ्यानं सांगत होते, "सावकाश, सावकाश, मरळ हाय ही, मोठी हाय." वर आलं ते एक नऊवारी लुगडं. हिरवं, जरीकाठी, कुणाचं तरी पुरात वाहून गेलेलं. शेवाळ धरलेलं, पण कापड शाबूत. हौसाक्कानं ते तीन पाण्यांतून काढलं, वाळवलं आणि पुढं कितीतरी वर्षं नेसलं. कुणी विचारलं तर म्हणायची, "रत्नीनं धरून दिलंय."

आम्ही दोघी त्या लुगड्यावर बोलत घरी आलो.  गावाच्या तोंडाशी सुमननं एवढंच विचारलं, "पुढच्या बुधवारी मिळंल न्हवं?"

"मिळंल की," मी म्हणाले.

आज त्या वाटेनं गेलं तर काही नाही. घाटाचे दगड आहेत, पण धुणं कोण आणतंय नदीवर? घरोघरी यंत्रं आली. माझ्याकडंही आहे. ते फिरत असतं आणि मी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसते, जुनी सवय. बोलायला कुणी नसतं एवढंच. उन्हाळ्यात पाण्यावर जलपर्णीचा हिरवा गालिचा येतो, दिसायला छान आणि वासाला नको. त्या काळात नदी फार निर्मळ होती आणि आम्ही फार सुखी होतो, असलं मी लिहिणार नाही. आम्हीच तिच्यात साबण ओतायचो. सुखाचं म्हणाल तर, तीन सुनांना घराबाहेर बसायची दिवसातली तेवढीच एक जागा होती. तीही ओझं डोक्यावर घेतल्याशिवाय मिळत नव्हती. म्हणून मळलेले कपडे कमी पडले तर आम्ही धुतलेले परत मळवायचो. हौसाक्का सरळ धुवट सतरंजी मातीत लोळवायची.

तिसरा बुधवार. पाणी आणखी उतरलं होतं. बंधाऱ्याला बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले, त्यामुळे वरच्या अंगाला नदी तळ्यासारखी संथ. आजूबाजूचे निम्मे फड तुटले होते. मी नवीन काहीतरी शोधून काढलं होतं, आता आठवतही नाही. गुळाचा खडा कणकेत घालायचा, असलं काहीतरी. सुमन दगडावर वाकून चोळखण पिळत होती. पिळताना तिनं हात उचलला, तर मनगटातल्या बांगड्या खळकन घसरल्या आणि पार कोपराच्या वर दंडापर्यंत गेल्या. लग्नात हाताला साबण लावून, हाडं दाबून चढवलेल्या बांगड्या. ती त्यांच्याकडं बघत राहिली आणि मग हळूच खाली बसली, पाण्यातच. चक्कर आली होती.

आम्ही तिला बाहेर काढून उन्हात बसवलं. हौसाक्का माझ्याकडं वळली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"रत्ने, खरं सांग. तू जन्मात एक तरी मासा धरलायस?"

तोंड आपोआप उघडलं. 'धरलाय की' अगदी दातांपर्यंत आलं. सुमन ओल्या लुगड्यात कुडकुडत माझ्याकडं बघत होती. अजून तीच नजर. तिचा अजून विश्वास होता, हे फार वाईट.

"डबा धरलाय," मी म्हणाले.

"कसला डबा?"

"गांडुळांचा. मासं दादा धरायचा."

 सुमन रागावली असती तरी मी समजले असते. ती फक्त म्हणाली, "वैनी, मला भूक लागलीय हो." आणि एखाद्या पोरानं बसावं तशी गुडघ्यात डोकं घालून बसली.

त्या शब्दांचं वजन मला तेव्हा कळलं नाही असं नाही. कळलं. म्हणूनच मी तिथून उठले आणि म्हणाले, "गिरजामावशीकडं जाऊया." हे पहिल्या दिवशीच सुचायला हवं होतं. बंधाऱ्यावरून चालत गेलं तर तिचं खोपट पंधरा मिनिटांवर. गावातली बुट्टी गावाला दिसते, पण पलीकडच्या काठावर कोण बघतंय? तीन आठवडे एक उपाशी बाई माझ्या मोठेपणासाठी थांबली होती.

गिरजामावशी जाळं पसरून बसली होती. "या पावणं," म्हणाली. मी मासा मागितला. "मासं पहाटंच कोल्हापूरला गेलं. आता कुठलं?" मग तिनं सुमनकडं नीट बघितलं. पायापासून वरपर्यंत.  आणि माझ्या हातातला गळ घेऊन उलटासुलटा केला.

"ह्यानं काय धरत हुता? म्हस?"

"लागली हुती," हौसाक्का म्हणाली.

"आन् सुतळी? अगं, चिलापी हाय ती. आंधळी न्हाई." तिनं खोपटातून तंगूसाची दोरी काढली, केसासारखी बारीक, पाण्यात दिसेना अशी. गहू वाकवावा एवढासा गळ. जोंधळ्याच्या ताटाचा बोटभर तुकडा वर बांधला, तो पाण्यावर तरंगायचा. असे तीन केले. पाठीवर ऊन घेऊन उभं राहू नका, सावली पाण्यात पडते. खोलात जाऊ नका, चिलापी काठालाच असते, ऊबेला. गांडूळ अर्धंच लावा. "आन् लई महत्त्वाचं," ती म्हणाली, "ती आधी चाखती. ताट नुसतं थरथरतंय. तवा हात हालवायचा न्हाई. तिला ठरवू द्यायचं. ताट तिरकं हुऊन आत गेलं, की मग उचलायचं. वडायचं न्हाई, उचलायचं. पाळण्यातलं पोर उचलतीस तसं."

"मला पोर न्हाई अजून," मी म्हणाले.

"मग बोलू नगंस," ती म्हणाली.

बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, काठाच्या कपारीत आम्ही बसलो. हौसाक्काचं ताट थरथरलं. एरवी जमीन हादरवणारी ही बाई, पण अशी बसली की अंगावरची माशी हाकलेना. ताट आत गेलं, तिनं उचललं, आणि तळहाताएवढी चिलापी उन्हात चमकली. राखी पाठ, पोटाला पिवळट झाक, पाठीवर काट्यांचा तुरा. मग सुमनला लागली, त्याहून लहान. तिनं ती धरली आणि सोडेचना, काटे टोचले तरी. गिरजामावशी म्हणाली, "शिकल्या की ह्या." माझ्याकडं बघून काही म्हणाली नाही.

मला धीर कुठला? माझं ताट हललं न हललं, तोच मी हिसका मारला. एरवी असा मासा सुटून जायचा, इथं उलटंच झालं. मासा लागला. मोठा, दोन तळहात भरेल एवढा. माझा जन्मातला पहिला मासा. गळ तोंडात नव्हताच, बाहेरून गालाला अडकला होता. मी तो गवतावर टाकला, गिरजामावशीनं गळ सोडवला, तर माशानं तोंड उघडलं आणि तोंडातून पाण्याची गुळणी पडावी तशी पिल्लं बाहेर आली. तांदळाच्या कणीएवढी, प्रत्येकाला दोन काळे ठिपके. तेवढेच काय ते डोळे.

"पिल्लंवाली हाय," गिरजामावशी म्हणाली. "चिलापी तोंडात वाढिवती पोरं. तवर खात न्हाई काय. म्हणून तर असली गळाला येत न्हाई कदी. तू बाहेरनं वडलीस तिला."

मॅट्रिक पास बया रडायला लागली. पोरं तोंडात धरून उपाशी राहणारी आई, आणि इकडं ही दुसरी उपाशी, आणि मध्ये मी पापिणी. मला वाटलं, जगातली सगळी करुणा आत्ता माझ्या एकटीच्या डोळ्यांतून वाहतेय. हुंदके देत मी म्हणाले, "सोडू या तिला. सुमे, तुझीच शपथ, सोडू या."

सुमन तोवर गवतावरच्या पिल्लांवर वाकली होती. पदर ओला करून तिनं ती एकेक टिपली आणि पाण्यात झटकली. बोटाच्या पेरानं, हलक्या हातानं, एकही राहिलं नाही बघून. "जगत्याल न्हवं मावशी?" तिनं विचारलं.

"जगत्याल. सुटायलाच आलती. दोन दिसांनी तिनंच सोडली असती."

"मग झालं," सुमन म्हणाली. उठली, ती मोठी चिलापी शेपटीला धरून उचलली आणि माझ्याकडं बघितलं. "वैनी, रडू नका. मी पण चार महिनं न्हाई खाल्लं. तिची पोरं सुटली. माझं सुटायला पाच महिनं हायत अजून."

 हौसाक्का म्हणाली, "पाचट आण."

तुटलेल्या फडात तीन दगड मांडले. पाचट पेटतं भसकन आणि विझतंही तसंच, म्हणून मी सारखी पळत होते, कवळ आणायची, घालायची, परत पळायची. गिरजामावशीनं जर्मनचं पातेलं दिलं. चटणी-मीठ हौसाक्काच्या कनवटीला होतंच, तीन बुधवार ती पुरचुंडी बांधून आणत होती, एकही दिवस विसरली नव्हती. चिंच आणि भाकरी गिरजामावशीची. तिन्ही चिलापी त्यात शिजल्या. त्या रश्श्याचा रंग मला अजून दिसतो. त्यानंतर मी पुष्कळ कालवणं केली, मसाला वाटून, नारळ घालून. तसा रंग आला नाही. त्यात पाचटाची राख पडली होती, कदाचित त्यानं.

सुमन भाकरी कुस्करून बसली. पहिला घास घेतला. आम्ही दोघी तिच्या तोंडाकडं बघतोय. दुसरा घेतला. तिसरा. मग ती एकदम थांबली. डोळे मोठे झाले आणि हात तोंडाकडं गेला. हौसाक्कानं माझं मनगट धरलं, अजून दुखतंय असं वाटतं. सुमननं दोन बोटं तोंडात घातली, काहीतरी ओढून काढलं आणि उन्हाकडं धरून बघितलं.

"काटा हाय," ती म्हणाली आणि पुढं जेवायला लागली.

महिन्याभरात तिच्या बांगड्या कोपरावरून मनगटावर आल्या. ते सगळे बुधवार आम्ही बंधाऱ्यापलीकडं काढले. सासूला वाटलं, मोरावळा लागू पडला. गावातल्या पाच-सहा पोटुशींना तिनं तो चाटवला आणि त्यातल्या निम्म्यांना मानवलाही. भल्या बाईला आम्ही फसवलं, ही टोचणी आहेच. पण ती सुनेच्या पाठीवर हात फिरवत म्हणायची, "आता कसं तोंड भरलंय लेकराचं," तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे असायचं, ते खरं सांगून मी तिच्याकडून काढून घेतलं असतं का? मला अजून ठरवता येत नाही. ती गेली, सुमन सुखात आहे, आणि तो पोरगा आता चाळिशी ओलांडलेला, माळ घालून हिंडतो आणि माशाचा वास आला तर नाकाला रुमाल लावतो.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या दुपारी फक्त एवढंच होतं, की पोटात गेलेलं पोटात राहतंय का. सुमन जेवून कपारीला टेकून बसली. आम्ही श्वास धरून बसलो. पलीकडून एक उसाची ट्रॉली गेली, मग दुसरी गेली. एक खंड्या पाण्यात सूर मारून वर आला. ऊन जरा कललं. सुमनला ढेकर आला, मोठा, पुरुषासारखा, आणि ती लाजली. मग तिनं पातेल्याचा तळ बोटानं निपटला, बोट चाटलं आणि ते रिकामं पातेलं माझ्यापुढं सरकवलं.

"वैनी," ती म्हणाली, "ऊन हाय अजून."

मी उठले. अर्धं गांडूळ गळाला लावलं आणि पाठीवर ऊन येणार नाही, अशी जागा बघून बसले.